ठिपके मोजले, धूर मोजायचा राहिला

फेब्रुवारी सरत आला की विदर्भातल्या वनरक्षकांच्या मोबाइलवर संदेश यायला लागतात. अमुक बीट, अमुक कंपार्टमेंट, अमुक अक्षांश-रेखांश, आग दिसली. हा संदेश येतो डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून, आणि आग पाहिलेली असते सातशे-आठशे किलोमीटर उंचावरून फिरणाऱ्या उपग्रहानं. 2004 पासून ही सूचना देण्याचं काम सुरू आहे, जानेवारी 2019 मध्ये त्या यंत्रणेची सुधारित आवृत्ती आली. नाव नोंदवलं तर आपल्या तालुक्यातल्या आगीचा संदेश कोणालाही मिळतो. नासाच्या नकाशावर तर मेळघाटापासून भामरागडापर्यंतचे लाल ठिपके कुणीही घरबसल्या पाहावेत. वनमजुरांना दिवसभर पायपीट करून धुराचा माग काढावा लागायचा, त्या तुलनेत हे मोठंच काम झालं आहे.

पण ठिपका सांगतो तो आगीचा पत्ता. त्या आगीतून किती धूर निघाला, तो कोणत्या टोल्यावर, म्हणजे वस्तीवर, रात्रभर साचून राहिला, पहाटे मोहफुलं वेचायला गेलेल्या बाईच्या छातीत त्यातला किती गेला, हे त्या संदेशात नसतं आणि इतर कोणत्याही सरकारी कागदावर मला ते सापडत नाही. हा हिशेब मांडण्याचं शास्त्र चाळीस वर्षांहून जुनं आहे. ते विदर्भातल्या गावांसाठी वापरावं, जमिनीवर मोजून तपासावं, आणि त्यातून निघालेला आकडा गुन्हे दाखल करायला न वापरता ग्रामसभेच्या हातात द्यावा, एवढंच मला या लेखात मांडायचं आहे.

आधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. 2019 मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला, तो शहरांसाठी. विदर्भातून त्यात नागपूर, अमरावती, अकोला आणि चंद्रपूर आहेत. कोरची, धारणी, अर्जुनी-मोरगाव, झरी-जामणी या तालुक्यांची नावं त्या यादीत बसत नाहीत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं 2009 चं मानक मात्र साऱ्या देशाला सारखंच लागू आहे: अडीच मायक्रॉनहून बारीक कणांचं, म्हणजे पीएम 2.5 चं प्रमाण चोवीस तासांच्या सरासरीत घनमीटरला 60 मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 मध्ये हीच मर्यादा 15 वर आणली. मानक सगळ्यांना आणि मोजणी शहरवाल्यांना, अशी ही विभागणी आहे. गावची हवा चांगली असते हे आपण इतकं गृहीत धरलं आहे की ती तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटली नाही. मार्चमध्ये संध्याकाळी गडचिरोली जिल्ह्यातल्या कुठल्याही जंगलकाठच्या गावात उभं राहावं. डोळे चुरचुरतात, लुगड्याला धुराचा वास येतो, म्हातारी माणसं खोकत बाजेवर उठून बसतात. ही हवा चांगली आहे असं म्हणायला निदान एक आकडा तरी हाताशी हवा.

आता त्या शास्त्राकडे येऊ. 1980 मध्ये वुल्फगांग झायलर आणि पॉल क्रुट्झन या दोन शास्त्रज्ञांनी आगीतून हवेत काय जातं याचा हिशेब एका साध्या गुणाकारात बसवला. क्रुट्झन यांना पुढे 1995 मध्ये ओझोनवरच्या कामासाठी रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचा गुणाकार असा: किती जमीन जळली, त्या जमिनीवर हेक्टरी किती गवत-पाला होता, त्यातला किती हिस्सा प्रत्यक्ष जळला, आणि एक किलो जळाल्यावर किती ग्रॅम कण किंवा वायू निघतात. या चार आकड्यांचा गुणाकार केला की धूर हाती येतो. आफ्रिकेतली आणि ऑस्ट्रेलियातली गवताळ राने, ब्राझीलचं सेराडो, अशा सॅव्हाना प्रदेशांमध्ये दरवर्षी लागणाऱ्या आगींचा हिशेब आजही मुळात याच रीतीनं होतो. जगात दरसाल जळणाऱ्या जमिनीचा बहुतांश भाग अशाच प्रदेशांतला असल्यामुळे शास्त्रज्ञांनी तिथे खूप मेहनत घेतली आहे.

आपल्याकडची मांडणी करून पाहू. समजा, शंभर हेक्टर सागवानी जंगलात आग फिरली. हेक्टरी चार टन पाला-गवत धरू, त्यातलं ऐंशी टक्के जळालं असं मानू, आणि किलोमागे साडेसहा ग्रॅम बारीक कण. हा शेवटचा आकडा सॅव्हानाच्या मोजण्यांमध्ये सहा-सात ग्रॅमच्या आसपास येतो. हिशेब होतो दोन टनांहून थोडा जास्त. आता चारही आकडे तीस-तीस टक्क्यांनी चुकले, आणि सगळे एकाच बाजूला चुकले, तर उत्तर अर्ध्या टनापासून जवळजवळ सहा टनांपर्यंत कुठेही जाऊ शकतं. तीस टक्के ही फार मोठी चूक नाही, नजरेनं अंदाज बांधणाऱ्या चांगल्या माणसाचीही एवढी होते. गुणाकाराचा धर्मच असा की चुकाही गुणल्या जातात. म्हणून उपग्रहानं काढलेला धुराचा आकडा पाहिला की मी पहिल्यांदा विचारतो, चारपैकी कोणता आकडा इथे मोजला आहे आणि कोणता दुसरीकडून उचलून आणला आहे?

जळालेल्या क्षेत्राचं पाहा. 1999 आणि 2002 मध्ये सोडलेल्या टेरा आणि अ‍ॅक्वा या उपग्रहांवरचा मोडिस हा संवेदक आग ओळखतो एक किलोमीटरच्या चौकोनात, आणि त्यावरून बनवलेला जळीत क्षेत्राचा नकाशा पाचशे मीटरच्या चौकोनांचा असतो. 2011 नंतरच्या उपग्रहांवरचा व्हीआयआयआरएस हा संवेदक अधिक बारीक, 375 मीटरचा. म्हणजे एक चौकोन सुमारे चौदा हेक्टरांचा, पस्तीस एकरांचा. एका वावराच्या कोपऱ्यात पेटवलेला पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांचा, ढीग या चौकोनात बहुधा हरवून जातो. ठळक, तापलेली आग लहान असली तरी दिसू शकते, पण धुमसणारी, कमी तापाची आग सुटते. शिवाय व्हीआयआयआरएसचे उपग्रह ठरलेल्या वेळी येतात: दुपारी दीडच्या सुमारास आणि रात्री दीडच्या सुमारास. विदर्भातला शेतकरी एप्रिलमध्ये दुपारी दीड वाजता, पंचेचाळीस डिग्रीत, वारा सुटलेला असताना धुरा, म्हणजे शेताचा बांध, पेटवत नाही. तो पेटवतो दिवस कलल्यावर, वारा पडल्यावर, म्हणजे आग शेजाऱ्याच्या गोठ्याकडे जाणार नाही. हा त्याचा शहाणपणा आहे. त्यामुळेच त्याची आग दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळेत लागते आणि विझतेही.

एका बाबतीत विदर्भाचं जंगल उपग्रहाला सोयीचं आहे, हेही सांगितलं पाहिजे. मार्च-एप्रिलमध्ये साग, सालई, धावडा यांची पानं झडलेली असतात, आभाळ बहुतेक मोकळं असतं, त्यामुळे जमिनीवरची आग आणि तिच्यामागे राहिलेला काळा पट्टा वरून बराचसा दिसतो. सदाहरित जंगलात हे होत नाही. युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहांच्या छायाचित्रांत दहा ते वीस मीटरपर्यंतचा तपशील मिळतो, दर पाच दिवसांनी, आणि फुकट. त्यावरून एकेका गावाच्या सामूहिक वनक्षेत्राचा जळीत नकाशा काढणं अगदी शक्य आहे. म्हणजे पहिला आकडा सुधारता येतो. त्यासाठी नवा उपग्रह नको, बसून काम करणारी चार माणसं हवीत.

खरी अडचण उरलेल्या तीन आकड्यांची आहे. हेक्टरी पाला किती, किती जळाला, किलोमागे धूर किती, याच्या मोठ्या मोजण्या झाल्या त्या प्रामुख्यानं दक्षिण आफ्रिकेच्या, ब्राझीलच्या आणि उत्तर ऑस्ट्रेलियाच्या रानांत. आपल्याकडच्या पानझडी जंगलाचा स्वभाव त्या रानांशी पुष्कळ जुळतो: विरळ झाडी, खाली कुसळी, पवन्या, मारवेल यांसारखी गवतं, वर्षातले सात-आठ महिने कोरडे, आणि जमिनीलगत पळणारी आग. तरी सागाचं पान म्हणजे आफ्रिकेतलं गवत नव्हे. वाळलेलं गवत भडकन पेटतं आणि भडकन संपतं, त्याचा धूर तुलनेनं कमी. जाड, थरावर थर साचलेला पाला, त्यात दंव किंवा अवकाळी पावसाची ओल, असा ढीग ज्वाळेपेक्षा धगीनं जास्त जळतो. धगीच्या आगीत किलोमागे कार्बन मोनॉक्साइड आणि बारीक कण दोन्ही वाढतात. म्हणजे एकाच जंगलात, एकाच महिन्यात, सकाळी पेटलेल्या आणि दुपारी पेटलेल्या आगीचा आकडा वेगळा निघेल. परक्या रानातला सरासरी आकडा इथे चिकटवला तर हिशेब होतो, पण तो आपला होत नाही.

मोहाच्या झाडाखाली हे सगळं एका जागी पाहायला मिळतं. मार्चअखेर फूल गळायला सुरुवात होते त्याच्या आधी झाडाखालचा पाला गोल करून पेटवला जातो. दहा-बारा पावलांचा तो काळा गोल पहाटे उपयोगी पडतो. रात्रभर टपटप पडलेली, दुधाळ पिवळी, रसानं भरलेली फुलं राखेवर चटकन दिसतात, काट्यात आणि पाल्यात हात घालावा लागत नाही, विंचू-सापाची भीती कमी. “भाऊ, पाला नाही पेटवला तं फूल दिसन कसं?” हा प्रश्न मला एका आजीनं विचारला होता आणि त्याला दुसरा प्रश्न लावण्याची माझी हिंमत झाली नाही. चुलीवर भाकर टाकून चार वाजता निघालेली बाई वाकून-वाकून टोपली भरते. वाळवलेली फुलं बाजारात नेली की मीठ-मिरची, पोरांच्या वह्या त्यातूनच येतात. त्या गोलातली आग संध्याकाळी लावलेली असते, लहान असते, धुमसत असते. उपग्रहाला ती दिसण्याचा संभव जवळपास नाही. पण तिचा धूर जमिनीपासून चार हातांवर रेंगाळतो, आणि तिथेच बाईचं नाक असतं. कधी ती आग गोलाबाहेर सुटते, डोंगर चढते, आणि मग ठिपका उमटतो. म्हणजे नकाशावर दिसते ती सुटलेली आग. रोज न सुटता जळणाऱ्या हजारो गोलांचा नकाशा कुठेच नाही.

दुसरं उदाहरण वऱ्हाडातलं, कापसाचं. शेवटचा वेचा झाला की पऱ्हाटी उपटतात. हेक्टरी दोन-अडीच टन काड्या निघतात. पूर्वी त्या घरी यायच्या, अंगणात रचल्या जायच्या, चुलीला वर्षभर पुरायच्या. आता गॅस आला, बैलगाडी गेली, मजुरी वाढली. त्यात 2017 च्या गुलाबी बोंडअळीच्या तडाख्यानंतर फरदड (मुख्य वेचणीनंतरही शेतात राखलेलं पीक) ठेवू नका, डिसेंबर-जानेवारीत शेत मोकळं करा, पऱ्हाटीची विल्हेवाट लावा असा सल्ला कृषी खातं दरवर्षी देतं. तो सल्ला बरोबरच आहे, कारण अळी त्याच काड्यांत आणि सुकलेल्या बोंडांत दडून राहते. पण विल्हेवाट कशी लावायची याचं स्वस्त उत्तर शेतकऱ्याच्या हातात आगपेटी एवढंच आहे. ढीग रचायचा, खाली सुकं कुटार सरकवायचं, आणि संध्याकाळी पेटवून द्यायचा.

इथे थोडं गणित मांडतो, कारण त्यातून अख्खा मुद्दा उघड होतो. एका हेक्टरची अडीच टन पऱ्हाटी जळाली, किलोमागे सहा ग्रॅम कण धरले, तर पंधरा किलो बारीक कण हवेत गेले. हे कण दोन किलोमीटर लांब, दोन किलोमीटर रुंद अशा गावशिवारात पसरले आणि वारा थांबलेला आहे असं समजू. जानेवारीच्या रात्री जमिनीलगतची थंड हवा वर चढत नाही, धूर शंभर-दोनशे मीटरांच्या थरात कोंडून राहतो. दीडशे मीटर धरले तर त्या एका ढिगानं गावच्या हवेत घनमीटरला 25 मायक्रोग्रॅमची भर पडते. हीच आग एप्रिलच्या भर दुपारी लागली, तर तापलेली हवा धूर दोन-तीन किलोमीटर उंच घेऊन जाते, आणि अडीच किलोमीटरच्या हिशेबानं भर पडते फक्त दीड मायक्रोग्रॅमची. काड्या तेवढ्याच, धूर तेवढाच, आणि छातीत जाणारा डोस सतरापट वेगळा. खऱ्या हवेत वारा असतो, धूर एकसारखा पसरत नाही, हे मला मान्य आहे. पण दिशा चुकत नाही. एप्रिलचा डोंगरावरचा वणवा नकाशावर भयंकर दिसतो, वर्तमानपत्रात छायाचित्रासकट येतो. जानेवारीच्या संध्याकाळी गावाच्या चारी बाजूंना पेटलेले लहान लहान ढीग नकाशावर दिसत नाहीत, आणि श्वासाच्या हिशेबात तेच जड असू शकतात.

उपग्रह धूर थेटही पाहतात, मग अडचण काय, असं कोणी विचारेल. पाहतात हे खरं. हवेतल्या कणांमुळे सूर्यप्रकाश किती अडला हे ते मोजतात, आणि 2017 मध्ये गेलेला सेंटिनेल-5पी हा युरोपचा उपग्रह कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड रोज टिपतो, काही किलोमीटरच्या चौकोनांत. पण हे मोजमाप असतं जमिनीपासून आभाळापर्यंतच्या सगळ्या हवेचं. त्यातला किती धूर माणसाच्या उंचीवर आहे हे वरून कळत नाही. उन्हाळ्यात त्यात धूळही मिसळते. शिवाय हे मोजमाप दिवसाच होतं, आणि आपला धूर बसतो रात्री. आगीतून निघणाऱ्या उष्णतेवरून किती इंधन जळालं हे काढण्याची आणखी एक पद्धत आहे, ती चांगली आहे, तरी तिलाही आग पेटलेली असताना उपग्रह डोक्यावर हवा. आपले इन्सॅट मालिकेतले उपग्रह दर अर्ध्या तासानं तेच दृश्य पाहतात, मात्र उष्णतेचा त्यांचा चौकोन चार किलोमीटरचा. वेळ जुळली तर बारकावा हुकतो, बारकावा मिळाला तर वेळ हुकते.

विदर्भातल्या शेतकऱ्याला हा सगळा प्रकार नवा नाही. नजर अंदाज पैसेवारी म्हणजे दुसरं काय असतं? दुरून पाहून काढलेला पिकाचा आकडा. तो पन्नास पैशांच्या आत आला की बाहेर राहिला यावर दुष्काळ मानायचा की नाही, म्हणजे गावचं वर्ष ठरतं, आणि म्हणूनच त्यावर भांडण होतं. तिथे निदान पीक कापणी प्रयोगाची सोय आहे. ठरलेला तुकडा मोजायचा, प्रत्यक्ष कापायचा, झोडपायचा, वजन करायचं, पंचांसमोर लिहायचं. धुराच्या बाबतीत आपण नजर अंदाजावरच थांबलो आहोत, कापणी प्रयोग केलाच नाही. पेटवण्याआधी दहा मीटरच्या तुकड्यातला पाला गोळा करून तोलणं, जळाल्यावर उरलेला तोलणं, आगीच्या वाऱ्याखाली बसून कण आणि वायू मोजणं, हा धुराचा कापणी प्रयोग. त्यात अवघड असं काही नाही. वनखातं स्वतः दरवर्षी 15 फेब्रुवारीच्या आत जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला मोकळे केलेले पट्टे, जाळतं. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी, माणसं हजर असताना लागणारी ती आग असते. मोजायला याहून चांगली संधी कोणती?

आता दंडाचा मुद्दा. राखीव वनात आग लावणं हा 1927 च्या भारतीय वन कायद्यानुसार गुन्हा आहे, अभयारण्यात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं मनाई आहे. हे कायदे असावेत याबद्दल वाद नाही. एप्रिल 2021 मध्ये नागझिऱ्यात आग विझवताना वनमजूर होरपळून मेले. मुद्दाम आग लावणाऱ्याला मोकळं सोडा असं मी म्हणणार नाही. पण उपग्रहाचा ठिपका पुरावा म्हणून वापरायला लागलो तर दोन गोष्टी होतील. पहिली, चौदा हेक्टरांच्या चौकोनाचा मध्यबिंदू रामभाऊच्या वावरात पडला म्हणून रामभाऊ दोषी ठरेल आणि पेटवलेलं असेल शेजारच्या धुऱ्यावर. विदर्भात एकदीड हेक्टरवाले कोरडवाहू शेतकरी थोडेथोडके नाहीत, एका चौकोनात अशी आठ-दहा वावरं सहज बसतात. दुसरी गोष्ट अधिक घातक आहे. पंजाब-हरियाणात पराळीच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या आगींच्या, ठिपक्यांवरून दंड लागू झाल्यावर 2024 मध्ये हा प्रश्न ठळकपणे पुढे आला, की आगी उपग्रहाची दुपारची फेरी चुकवून सायंकाळकडे सरकल्या आहेत. ठिपके घटले, धूर घटला का, यावर तेव्हापासून वाद आहे. सायंकाळकडे सरकलेली आग फुप्फुसाला जास्त वाईट, हे वरच्या गणितात आपण पाहिलंच. विदर्भात निदान ती चूक नको. इथली आग आधीच संध्याकाळची आहे, तिला आणखी अंधारात ढकलण्यात कोणाचं भलं आहे?

एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो आणि तो रास्त आहे. चंद्रपूरचं 2920 मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र, घुग्गुस-वणीच्या कोळसा खाणी, सिमेंटच्या भट्ट्या, हे सगळं सोडून तुम्ही गरिबाच्या मोहाखालचा पाला कशाला मोजता? मी म्हणतो, मोजायचं ते याच कारणासाठी. या भागातली हवा खराब आहे असं लोक म्हणतात तेव्हा चिमणीवाले वणव्याकडे बोट दाखवतात आणि वनखातं लोकांकडे. वाटा कोणाचा किती हे कळल्याशिवाय गावाची बाजू कोण मांडणार? लाकूड-पाला जळताना लेव्होग्लुकोसन नावाचं एक द्रव्य धुरात येतं, कोळशाच्या धुराची खूण वेगळी असते. फिल्टरवर साचलेल्या कणांची तपासणी केली तर कोळशाचा धूर आणि झाडपाल्याचा धूर बऱ्याच अंशी वेगळे ओळखता येतात. चूल आणि वणवा मात्र या तपासणीत एकच दिसतात. तिथे वेळ पाहावी लागते: चुलीचा धूर सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी चढतो, वणव्याचा कधीही. आणि चुलीचा वाटा मोठा निघाला तर तेही कळू दे. सिलिंडर भरायला पैसे नाहीत म्हणून पुन्हा चुलीकडे वळलेल्या बाईसाठी तो आकडा मागणीचं कारण ठरेल.

आगीला सरसकट शत्रू मानण्याच्याही मी विरोधात आहे. गवताळ रानं आणि विरळ जंगलं आगीसोबतच वाढली आहेत. प्रश्न आग लागते का एवढाच नाही, कधी लागते आणि कशी लागते हा आहे. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या वेस्ट आर्नहेम लँडमध्ये 2006 पासून तिथल्या आदिवासी समाजांनी कोरड्या हंगामाच्या सुरुवातीला, गवतात ओल असताना, लहान लहान तुकडे ठरवून जाळण्याची आपली जुनी रीत पुन्हा सुरू केली. त्यामुळे हंगामाअखेरच्या प्रचंड आगी कमी झाल्या, एकूण धूर आणि हरितवायू घटले. ती घट उपग्रहाच्या जळीत नकाशांवरून आणि जमिनीवरच्या मोजणीवरून हिशेबात धरली गेली, आणि त्या हिशेबावर त्या समाजांना पैसे मिळाले. पुढे तिथल्या सरकारनं ही पद्धत कार्बन योजनेतच घेतली. त्यांचं गवत वेगळं, आपला पाला वेगळा, लोकवस्ती तर फारच वेगळी, तिथली रीत इथे उचलून ठेवता येणार नाही. ओल्या पाल्याचा धूर किलोमागे जास्त, हे वर आलंच आहे. लवकर जाळण्याचा फायदा इथे होतो की तोटा, हे मोजल्याशिवाय कोणी छातीठोकपणे सांगू नये. पण उपग्रहाचा आकडा लोकांच्या विरोधात न जाता त्यांच्या हातात जाऊ शकतो, हे तिथे घडलं आहे.

आणि विदर्भाकडे त्यासाठी लागणारी सर्वात अवघड गोष्ट आधीच आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, त्यानंतर त्याच जिल्ह्यात शेकडो ग्रामसभांना. बांबू आणि तेंदूपत्त्याचा व्यवहार त्या स्वतः करतात, हिशेब ठेवतात, लिलाव लावतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावनं तर तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं. त्यासाठी होणारी फांद्यांची छाटणी आणि जंगलाला लावली जाणारी आग नको, असा विचार त्यामागे होता. हाती येणारा पैसा सोडून गावानं घेतलेला हा निर्णय आहे. ज्या ग्रामसभा असं ठरवू शकतात त्यांना आपल्या जंगलातून यंदा किती टन धूर गेला, हा आकडा समजणार नाही असं मानणं त्यांचा अपमान आहे. मोहाखाली जाळी बांधून फूल झेलण्याचे प्रयोग काही ठिकाणी झाले आहेत. जाळीचा खर्च, टिकाऊपणा आणि वाचलेला धूर एकत्र मांडून दाखवला तर आजीच्या प्रश्नाचं उत्तर देता येईल, आणि तेव्हाच तिला पाला पेटवू नको म्हणता येईल. पऱ्हाटीचंही तसंच. काड्यांचा भुसा करणारं यंत्र, कांडी-कोळसा, वीज केंद्रात कोळशासोबत जाळायच्या गोळ्या, असे मार्ग आहेत. केंद्र सरकारच्या 2021 च्या धोरणानं औष्णिक केंद्रांना असा जैवभार मिसळायला सांगितलंच आहे. धुऱ्यावरून काडी उचलून कारखान्यापर्यंत नेण्याचा खर्च कोण देणार, इथे गाडी अडते. हेक्टरी पंधरा किलो कण वाचतात हा आकडा मोजून सिद्ध झाला तर त्या वाहतुकीला अनुदान मागायला आधार मिळेल.

कामाला लागणाऱ्या संस्था सगळ्या जवळ आहेत. पर्यावरण संशोधन करणारी नीरी नागपुरात, महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र नागपुरात, इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राचं मध्य विभागीय केंद्रही नागपुरातच, केंद्रीय कापूस संशोधन संस्थाही तिथेच. अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, गडचिरोलीला 2011 पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. सुरुवातीला सारा विदर्भ घ्यायची गरज नाही. धारणी तालुक्यातलं एखादं कोरकू गाव, धानोऱ्यातलं एक गोंड गाव, यवतमाळातलं एक कापसाचं आणि गोंदियातलं एक धानाचं, एवढी चार गावं डिसेंबर ते जूनसाठी घ्यावीत. प्रत्येक ठिकाणी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या किंवा शाळेच्या छतावर कणमापक बसवावा. स्वस्त मापक दमट हवेत जास्त आकडा दाखवतात, म्हणून ते आधी नागपूरच्या प्रमाणित यंत्राशेजारी ठेवून जुळवून घ्यावेत, आणि लाइन जाते म्हणून सोबत सौर बॅटरी द्यावी. आशाताईंनी खोकला-दम्याच्या रुग्णांची नोंद त्याच तारखांना ठेवावी. गावातल्याच बारावी-पदवी झालेल्या दोन मुलांना मानधन देऊन पाला तोलण्याचं, आगीची वेळ आणि जागा लिहिण्याचं काम द्यावं. त्यांच्या वहीतली आग आणि उपग्रहाचा ठिपका रोज ताडून पाहावा. कोणती आग दिसली, कोणती सुटली, हे एका हंगामात कळेल. वहीत आग लावणाऱ्याचं नाव लिहायचं नाही, ही अट पहिल्या दिवशी लेखी ठरवावी, वनखात्याच्या सहीनं. नाहीतर दुसऱ्या दिवसापासून वही कोरी राहील.

निघालेले आकडे आधी ग्रामसभेत वाचून दाखवावेत, मग नागपूरला किंवा दिल्लीला जावेत. पुढच्या जाळरेषा 15 फेब्रुवारीच्या आत पेटतील, तोवर निदान पाला तोलायचे काटे आणि चार मापक गावात पोचायला हवेत.